आजीच्या गोधडीखाली शेपूट शोधणारी नात

पत्र

माझ्या सासूबाई बार्शीहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आल्या आहेत. मुलांना मराठी ऐकायला मिळेल, म्हणून मी खूश होते. पण गेल्या महिन्यात मी लायब्ररीतून ‘लॉन पो पो’ नावाचं चित्रांचं पुस्तक आणलं. आजीचा वेश घेऊन एक लांडगा तीन बहिणींच्या घरात शिरतो, अशी ती चिनी लोककथा आहे. माझ्या पाच वर्षांच्या लेकीने ते लागोपाठ कितीतरी रात्री वाचायला लावलं. आणि एका रात्री ती आजीच्या अंथरुणाशी गेली, गोधडी वर केली आणि वाकून पाहू लागली. विचारलं तर म्हणाली, “शेपूट बघतेय.” आता हे रोजचंच झालंय. आजीचे हातही उलटेपालटे करून नखं तपासते. सासूबाईंनी मनाला लावून घेतलंय. “एवढ्या लांब नातीसाठी आले आणि नात मला लांडगा समजते,” असं म्हणून परवा त्या जेवल्या नाहीत. नवरा म्हणतो, पुस्तक परत करून टाक, आपल्या गोष्टी काय संपल्या का? आठ वर्षांच्या मुलाचं वेगळंच, “ही तर रेड रायडिंग हूडची कॉपी आहे.” आणि खरं सांगायचं तर मलाही एक गोष्ट खटकते. त्या मुली खोटं बोलतात, लांडग्याला फसवून मारतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही. हे पाच वर्षांच्या मुलीला वाचून दाखवावं का?

— दोन्हीकडून कात्रीत सापडलेली आई

उत्तर

आधी सासूबाईंचं बघू, कारण बाकी सगळं थांबू शकतं, उपाशी माणूस थांबू शकत नाही.

तुमची लेक आजीला लांडगा समजत नाही. समजत असती तर गोधडीला हात लावला नसता. ज्या मुलाला खरंच भीती बसते ते त्या माणसाजवळ जात नाही, मांडीवर बसत नाही, त्या खोलीत झोपायला रडतं. ही तर रोज आपणहून जाते, वाकते, नखं मोजते. ती गोष्टीतल्या थोरल्या बहिणीचं, शांगचं काम करतेय. आणि ते करून बघायला तिने घरातलं सगळ्यात भरवशाचं माणूस निवडलंय. बाबांची शेपूट तिने शोधली नाही, हे सासूबाईंच्या कानावर जरूर घाला.

(पो पो म्हणजे आईची आई. तेव्हा नियमाने संशय तुमच्या आईवर यायला हवा होता. हे सासूबाईंना सांगायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा.)

सासूबाईंचा राग जायचा असेल तर त्यांना समजावत बसू नका, गोष्टीत घ्या. मला वाटतं, त्यांनी ते पुस्तक अजून धड ऐकलेलंच नाही. इंग्रजीतलं, तुम्ही आणि मुलं मिळून वाचता, त्या बाजूला बसून नुसतं ‘ग्रँडमदर’ आणि ‘वुल्फ’ एवढंच टिपतात. मग वाईट वाटणारच. उद्या दुपारी, मुलं शाळेत असताना, त्यांच्या शेजारी बसून सगळी गोष्ट मराठीत सांगा. चित्रं दाखवत, घाई न करता. कशी सांगायची ते मी खाली लिहितेच आहे, कारण या पुस्तकाची सगळी गंमत बारकाव्यांत आहे आणि वरवर वाचलं तर ते खरोखरच नुसतं भीतीचं वाटतं.

आईला आजीच्या वाढदिवसाला जायचंय. शांग, ताओ आणि पाओत्झं या तिघी घरी राहणार. आई बजावते की रात्री मी येणार नाही, दिवस मावळला की दार लावून कडी नीट घाला. लांडगा आईला जाताना बघतो आणि तिन्हीसांजेला म्हातारीचा वेश करून दारात येतो. इथे थांबा. कारण इथे शांग दार उघडत नाही. कडी लागलेलीच ठेवून ती आतून विचारते. आमची आई तर तुलाच भेटायला गेलीय, मग तू इथे कशी? एवढ्या उशिरा का आलीस? आवाज असा घोगरा का? लांडग्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार आहे. वाटेत चुकामूक झाली असेल, रस्ता लांबचा आणि दिवस छोटा, सर्दी झालीय, बाहेर वारा सुटलाय, उघडा की लवकर. शेवटी दोघी धाकट्यांना राहवत नाही. एक कडी काढते, दुसरी दार उघडते. आत पाऊल टाकताक्षणी लांडगा मेणबत्ती फुंकून टाकतो. शांग पुन्हा विचारते, “पो पो, दिवा का विझवलास?” याचं उत्तर मात्र येत नाही.

पुढे सगळे एकाच मोठ्या पलंगावर झोपतात. शांगच्या पायाला शेपूट लागते. ती किंचाळत नाही. तुझ्या पायाला हे झुडूप कसलं, एवढंच विचारते. लांडगा म्हणतो, तुम्हाला टोपली विणून द्यायला सुतळी आणलीय. मग नखं लागतात. हाताला काटे कसे? तुमच्या बुटांसाठी आरी आणलीय. तेव्हा शांग दिवा लावते. लांडगा तो लगेच विझवतो, पण तेवढ्यात तिने तोंड बघून घेतलेलं असतं.

इथवर आलात की सासूबाईंना विचारा, पोरगी हुशार की नाही? सोलापूर जिल्ह्यातल्या बाईला हुशार पोरगी ओळखायला वेळ लागणार नाही.

आता तुमच्या खटकण्याबद्दल. शांग खोटं बोलते हे खरंच आहे. गिंकोच्या झाडाच्या बिया खाल्ल्या तर अमर होतं, असं ती लांडग्याला सांगते. ‘तुझ्यासाठी तोडून आणतो’ म्हणून बहिणींना बाहेर काढते आणि तिघी झाडावर चढतात. मग म्हणते, झाडावरून स्वतःच्या हाताने तोडल्या तरच त्यांचा गुण येतो, तू टोपलीत बस, आम्ही दोरीने वर ओढतो. ओढतात आणि सोडून देतात. दुसऱ्यांदा आणखी वर नेऊन सोडतात. तिसऱ्यांदा तिघी मिळून जवळजवळ फांदीपर्यंत नेतात आणि दोर सुटतो. त्यात लांडगा मरतो. रक्त नाही, मांस नाही, पोट फाडणं नाही. पण मरतो हे नक्की. मुली वरून हाका मारून, त्याच्या डोक्यावरच्या फांद्यांपर्यंत येऊन बघून खात्री करून घेतात आणि मगच खाली उतरतात.

खायला आलेल्याशी खरं बोलायचं, असा आग्रह आपल्याकडच्याही कुठल्या गोष्टीने धरलेला नाही. भोपळ्यातल्या म्हातारीने वाघाला काय सांगितलं होतं? लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. साफ थाप. आपण ती पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगत आलो आणि मुलं त्यामुळे खोटारडी झाल्याचं कुणी म्हटलं नाही. तेव्हा शांगला वेगळी फूटपट्टी लावू नका. मोठा मुलगा यावर वाद घालणार असेल तर जरूर घालू द्या, आठव्या वर्षी मुलांना ‘खोटं बोललेलं कधी चालतं’ यावर तासभर बोलता येतं. पाच वर्षांच्या लेकीला मात्र यावर प्रवचन नको. लांडगा वाईट, शांग भारी, इतकं तिला पुरतं.

आणि कृपा करून ‘बघ, म्हणून अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही’ हे वाक्य शेवटी जोडू नका. मला माहीत आहे, जिभेवर येतंच. पण दार नीट लावून घ्या, हे पुस्तकात आईने पहिल्याच पानावर सांगून ठेवलंय आणि तरीही दार उघडलं गेलं. पुढे काय झालं ते पाहा. शांग धाकट्यांना एका शब्दाने बोलत नाही, झाडावर नेऊन काय झालंय ते सांगते आणि कामाला लावते. दुसऱ्या दिवशी आई खाऊच्या टोपल्या घेऊन येते, मुली तिला सगळं सांगतात आणि तिथे गोष्ट संपते. रागावणं नाही, ‘मी सांगितलं होतं ना’ नाही. मुलींनी चूक केली, निस्तरली आणि घरी येऊन सांगितलीसुद्धा. माझ्या मते या पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, आपण बोधाचा शेपूट जोडला की तीच झाकली जाते.

दुसरं असं की लांडगा इथे अनोळखी म्हणून येतच नाही. तो आजी म्हणून येतो, गोड बोलतो, ‘माझ्या हिऱ्यांनो’ म्हणतो. आपल्या घरांत मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे मुलांना फार लवकर शिकवलं जातं. शांग विचारते. अदबीने, प्रत्येक वेळी ‘पो पो’ म्हणत, पण विचारते, आणि उत्तर पटलं नाही तर स्वतः दिवा लावून बघते. माणूस ओळखीचं दिसतंय, गोड बोलतंय, तरी अंधारात काहीतरी टोचतंय असं वाटलं तर बोलायचं आणि उजेड करायचा, हे मुलीला याहून सोप्या भाषेत सांगायला मला तरी जमणार नाही. तुमची लेक गोधडी उचलते तेव्हा तिच्या हाताला ही सवय लागतेय. आजीला ती दुखावते म्हणून मोडून टाकाल, तर नको तेच शिकेल.

म्हणून गोधडीच्या तपासणीचा खेळ करा, आणि तो खेळ आजीच्या हातात द्या. रात्री आजीने खोलीबाहेरून दार वाजवायचं. आतून लेकीने विचारायचं, कोण? “मी तुझी आजी गं.” एवढ्या उशिरा का आलीस? “बार्शीहून यायचं म्हणजे काय जवळ आहे?” आवाज घोगरा का? इथे सासूबाईंना हवं ते म्हणू द्या. त्यांना न्यू जर्सीच्या थंडीबद्दल जे काही बोलायचंय ते सगळं या एका उत्तरात बसेल. मग नखं तपासून आत प्रवेश. ज्या बाईला रोज संशयित म्हणून बघितलं जात होतं, ती आता खेळातली मुख्य नटी होते. माझी पैज आहे, आठवडाभरात त्या स्वतःच कमरेला ओढणी खोचून शेपूट करून येतील.

पुस्तकानंतर लगेच त्यांना भोपळ्याची गोष्ट सांगायला लावा. एका गोष्टीत जनावर म्हातारीचं सोंग घेतं, दुसरीत म्हातारी जनावराला चकवते. एका रात्रीत दोन्ही ऐकल्या की आजी कुठल्या बाजूची, हे लेकीला न सांगता कळेल.

वाचायचं कसं, हेही थोडं. ही चित्रं काळोखी आहेत. मुखपृष्ठावर लांडगाच आहे, पांढऱ्या डोळ्यांचा. आतली कितीतरी पानं अंधारातली, जलरंग आणि पेस्टलमध्ये रंगवलेली, आकार एकमेकांत मिसळलेले. एकेक चित्र उभ्या पट्ट्यांमध्ये विभागलंय, चिनी घरातल्या घडीच्या पडद्यावर असतं तसं. म्हणून पहिल्यांदा दिवसा, खिडकीपाशी बसून बघा. लांडगा कुठे सुरू होतो आणि अंधार कुठे संपतो, ते मुलांना बोटाने शोधू द्या. झोपताना वाचणार असाल तर अर्ध्यात थांबू नका. “आता उशीर झाला, उरलेलं उद्या” असं पलंगाच्या प्रसंगावर म्हणालात तर ती रात्र तुमचीही गेली म्हणून समजा. लांडगा मेल्यावर तिघी खाली उतरतात, घरात जातात, दाराला कडी घालतात आणि शांत झोपतात. त्या पानापर्यंत पोचायचंच.

पण एक सांगते. लेक रात्री दचकून उठायला लागली, आजीच्या जवळ जाईनाशी झाली, दिवसाही लांडग्याचाच विषय काढून रडू लागली, तर खेळ बंद आणि पुस्तक गुपचूप परत. समजूत घालायची नाही, ‘एवढं काय घाबरायचं’ म्हणायचं नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने पुन्हा आणा. तुमच्या पत्रावरून मला तसं काही दिसत नाही.

मोठ्याच्या ‘कॉपी’च्या आरोपावर मला बोलायला आवडेल, कारण तो अगदीच चुकलेला नाही. रेड रायडिंग हूडची गोष्ट फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली छापली. त्यात लांडगा मुलीला खातो आणि गोष्ट संपते, कुणी वाचवायला येत नाही. शिकारी आणून पोट फाडून मुलीला आणि आजीला बाहेर काढलं ते ग्रिम बंधूंच्या १८१२च्या जर्मन संग्रहात. चीन, कोरिया, जपानकडे तोंडी चालत आलेल्या गोष्टींचं कूळ त्यांच्याशी लागतं. इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ जेमी तेहरानी यांनी २०१३ मध्ये अशा ५८ कथा घेऊन त्यांची वंशावळ मांडली, जीवशास्त्रात प्राण्यांची मांडतात त्या पद्धतीने. त्यांचा निष्कर्ष असा की पूर्व आशियातल्या कथांमध्ये रेड रायडिंग हूड आणि ‘लांडगा आणि सात करडं’ या दोन घराण्यांची सरमिसळ झालीय. तेव्हा ‘कॉपी’ म्हणण्यापेक्षा चुलत भावंडं म्हणूया. मुलाला एकच काम द्या. तिन्ही गोष्टींत मुलीला कोण वाचवतं ते शोधून काढ. पेरोकडे कुणीच नाही, ग्रिमकडे शिकारी, आणि इथे मुली स्वतः. बाकी तो स्वतःच बोलेल.

त्याला अंगावर काटा हवा असेल (आठ वर्षांच्या मुलांना हवा असतो), तर तैवानमध्ये सांगतात ती गोष्ट धाकटी झोपल्यावर सांगा. तिथे लांडग्याच्या जागी वाघीण-आत्याआजी आहे. रात्री बहिणीला अंधारात कुरकुर आवाज येतो. काय खातेस? “शेंगदाणे.” मला पण दे. आणि हातात येतं ते धाकट्या भावंडाचं बोट. शेवटी थोरली झाडावरून उकळतं तेल ओतून वाघिणीला मारते. तिकडे रडणाऱ्या मुलांना झोपवायला हिची भीती घालतात. ‘लॉन पो पो’ कुणाला फार भयंकर वाटलं तर हे ऐकवा. त्यामानाने ते सोज्वळ आहे.

नवऱ्याच्या ‘आपल्या गोष्टी काय संपल्या का’ला उत्तर म्हणून मी चित्रकाराकडे बोट दाखवेन. एड यंग तिएनत्सिनमध्ये १९३१ साली जन्मले, शांघायमध्ये वाढले आणि विशीत शिकायला अमेरिकेत आले. आधी वास्तुरचना, मग चित्रकला. न्यूयॉर्कमध्ये जाहिरातीच्या नोकरीत असताना ते जेवणाच्या सुट्टीत सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन प्राण्यांची चित्रं काढत. तो लांडगा उगाच जिवंत वाटत नाही. हे पुस्तक १९८९चं. पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा सर्वांत मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. दुसऱ्या देशात येऊन राहिलेल्या माणसाने आपल्याकडची गोष्ट तिथल्या मुलांच्या हातात अशी ठेवली. तुमच्या घरालाही हा प्रश्न रोजच पडतो ना, की आपली गोष्ट इथे कशी सांगायची? मुलांच्या वर्गात चिनी घरातलं कुणी असेल, तर त्याच्या आजीला विचारून बघा की तुमच्याकडे लांडगा की वाघ. तिची गोष्ट पुस्तकापेक्षा वेगळीच निघायची शक्यता जास्त.

लायब्ररीत याच विषयाच्या कपाटात १९३८चं ‘द फाइव्ह चायनीज ब्रदर्स’ही सापडेल. पाच भाऊ, एक समुद्र पिणारा, एक लोखंडी मानेचा वगैरे. गोष्ट म्हणून धमाल आहे. पण चित्रांत सगळे चिनी लोक एकसारखे, पिवळ्या रंगाचे, डोळ्यांच्या जागी तिरक्या रेघा. त्यावरून तिकडे कित्येक वर्षं टीका होत आलीय आणि मला ती पटते. वर्गात चिनी मुलं असताना घरातली मुलं ती चित्रं डोक्यात घेऊन शाळेत जातील, हे मला नको वाटतं. त्या जातकुळीची गोष्ट हवीच असेल तर मार्गारेट माही यांचं १९९०चं ‘द सेव्हन चायनीज ब्रदर्स’ घ्या. त्यात चीनची भिंत बांधवून घेणारा पहिला सम्राट आहे आणि सातवा भाऊ रडला तर पूर येतो. चित्रंही माणसांची आहेत.

पुस्तकाच्या सुरुवातीची अर्पणपत्रिका मात्र चुकवू नका. एड यंग यांनी ते जगातल्या लांडग्यांना अर्पण केलंय, आपल्या मनातल्या काळोखाला त्यांनी आपलं नाव वापरू दिलं म्हणून. लेकीला लांडग्यांचा फारच राग आला असेल तर इथे पुन्हा आजी उपयोगी पडेल. सोलापूरकडच्या माळरानांवर, नान्नजच्या बाजूला, खरे लांडगे आहेत. धनगरांच्या मेंढ्यांवर त्यांचा डोळा असतो, पण आजीच्या वेशात दार वाजवल्याची तक्रार अजून कुणी केलेली नाही. सासूबाईंनी पाहिले असतील किंवा ऐकलं असेल, तर तेही सांगू द्या. अमेरिकेत जन्मलेल्या मुलांना आपल्या आजीने लांडगा पाहिलाय, ही केवढी मोठी गोष्ट!

शेवटचं, कारण हे पुस्तक वाचलेल्या बहुतेक घरांत हा हट्ट होतो: गिंकोच्या बिया खायच्यात. चिनी दुकानात त्या सोललेल्या मिळतात, लोक शिजवून, भाजून, पेजेत घालून खातात. पण कच्च्या किंवा जास्त खाल्ल्या तर विषबाधा होते आणि लहान मुलांना ती लवकर होते. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलीला नकोच. त्याऐवजी भाजलेले शेंगदाणे द्या. फक्त तैवानची गोष्ट ऐकलेल्या मोठ्याला ते अंधारात, धाकटीच्या शेजारी झोपून खाऊ देऊ नका.